कोऱ्या ट्यूबला कायद्याचे अभय नको

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : लहानांत लहान सौंदर्यप्रसाधनावरही घटकांची यादी बंधनकारक करण्याबाबत

महोदय,



सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० मध्ये एक छोटेसे परंतुक आहे. क्रीम, लोशन, पावडर यांच्या वेष्टनावर त्यातल्या घटकांची यादी छापलीच पाहिजे, असे नियम सांगतो. लगेच पुढे तो सवलतही देतो : द्रव पदार्थ ६० मिलिलिटरपेक्षा आणि घट्ट किंवा निमघट्ट पदार्थ ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ही यादी नसली तरी चालेल. ही सवलत १९४५ च्या जुन्या नियमांतही होती. सौंदर्यप्रसाधनांसाठी स्वतंत्र नियम झाले तेव्हा ती काढून टाकण्याची संधी आली होती. ती आपण घेतली नाही. हे परंतुक रद्द करावे, एवढ्या मागणीसाठी हे पत्र आहे. ते खुले ठेवले आहे, कारण ही यादी ज्यांच्या चेहऱ्याशी निगडित आहे त्यांनाही ती कशी वाचायची हे कळायला हवे.

मी एका तालुक्याच्या गावी औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला शिकवते. आमच्याकडे ३० ग्रॅमपेक्षा मोठी क्रीम फार थोड्या घरांत येते. किराणा दुकानात टांगलेल्या माळेतून पुडी तोडून घेतली जाते. आठवडी बाजारात, जत्रेत, बसस्थानकाजवळच्या टपरीवर खपते ती लहान ट्यूब किंवा बोटभर डबी. शेतावर जाणारी बाई, वसतिगृहातली मुलगी, नुकतीच मिशी फुटलेला मुलगा हे सगळे त्याच मापाचे गिऱ्हाईक. शहरातल्या मॉलमध्ये मोठी बाटली घेणाऱ्याला कायद्याने घटकांची पूर्ण यादी मिळते आणि दहा-वीस रुपयांची ट्यूब घेणारीला ती मिळेलच असे नाही. अनेक कंपन्या लहान ट्यूबवरही स्वतःहून यादी छापतात, हे मान्य केले पाहिजे. पण जी गोष्ट एक कंपनी राजीखुशीने देते ती दुसरी तितक्याच राजीखुशीने टाळू शकते. जिच्या हातात पैसे कमी आहेत तिला माहितीही कमी मिळावी, असा या सवलतीचा परिणाम आहे.

यावर एक उत्तर हमखास येते : ती इंग्रजी, लांबलचक रासायनिक नावे वाचणार कोण? माझा वर्गातला अनुभव वेगळा आहे. यादी कशी रचलेली असते हे एकदा समजले की बारावी झालेली मुले ती झपाट्याने वाचू लागतात आणि घरी जाऊन आईच्या डबीची उलटतपासणी घेतात. तेव्हा यादीत असते काय, आणि त्यातले कोणते नाव कोणाला कळणे गरजेचे आहे, ते इथे मांडते.

सुरुवात क्रमापासून करू. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने, असा नियम आहे. म्हणजे पहिल्या पाच-सहा नावांतच क्रीमचा बहुतेक ऐवज येतो. पहिले नाव बहुधा 'अ‍ॅक्वा', म्हणजे पाणी. पुढे कुठेतरी 'फिनॉक्सिइथेनॉल' दिसेल. हे क्रीम खराब होऊ न देणारे द्रव्य आहे आणि ते १ टक्क्यापर्यंतच वापरायचे असते. त्यामुळे यादीत त्याच्यानंतर जे जे येते ते १ टक्का किंवा त्याहूनही कमी. वेष्टनावर केशराच्या काड्या, बदाम आणि हळकुंडाचे मोठे चित्र असेल आणि केशराचा अर्क फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे लपलेला असेल, तर पैसे चित्राचे मोजले जात आहेत हे मुलीला दुकानातच उमगते. यादी नसलेल्या ट्यूबवर मात्र चित्र तेवढे उरते.

आता कोरड्या त्वचेचे पाहू, कारण हिवाळ्यात सर्वांत जास्त खप तिच्यासाठी होतो. त्वचेच्या अगदी वरच्या थरात मृत पेशी असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे स्निग्ध द्रव्य भरलेले असते. त्यामुळे आतले पाणी आत राहते. थंडी, कडक साबण, सतत भांडी-धुणी आणि वाढते वय यांनी हे द्रव्य कमी होते. मग त्वचा खरखरीत होते, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. क्रीम इथे दोन प्रकारे मदत करते. ग्लिसरिन, हायलुरॉनिक आम्ल, युरिया ही द्रव्ये पाणी धरून ठेवतात. पेट्रोलियम जेली, खनिज तेल, डायमेथिकोन, मेण ही वरून पातळ थर देऊन पाणी उडू देत नाहीत. रॉबर्ट चीझब्रो यांनी १८७२ साली पेट्रोलियम जेलीचे पेटंट घेतले. इतक्या वर्षांनंतरही कोरड्या त्वचेवर तिच्याइतका स्वस्त आणि भरवशाचा उपाय मिळणे अवघड आहे. यादीत पाण्यानंतर लगेच ग्लिसरिन दिसले तर ती साधी क्रीमही आपले काम चोख करते. भेगाळलेल्या टाचांसाठी १० टक्क्यांच्या आसपास युरिया असलेले मलम पाय कोमट पाण्यात भिजवून, पुसून लावले तर फरक पडतो. मात्र भेग रक्ताळलेली असेल तर ते चुरचुरते. हे सगळे ज्ञान फुकट आहे, पण ते वापरायला डबीवर 'ग्लिसरिन' किंवा 'युरिया' हा शब्द छापलेला असावा लागतो.

आपल्या आज्या ज्याला 'स्नो' म्हणत, तो याच घराण्यातला. स्टिअरिक आम्लाचा काही भाग अल्कलीने साबणात बदलायचा, पाण्यात घोटायचा, की चेहऱ्यावर चोळताच दिसेनाशी होणारी पांढरी क्रीम तयार होते. इ. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली मुंबईत 'अफगाण स्नो' बाजारात आणला, तेव्हापासून ही पांढरी डबी आपल्या घरांत आहे. ती गुळगुळीत वाटते, पावडर धरून ठेवते. पण फार कोरड्या त्वचेला ती पुरत नाही.

सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त आशा गुंतलेली असते ती रंग उजळवण्यात. १९७५ साली आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' आली आणि २०२० साली तिचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. अशा अनेक क्रीमच्या यादीत निआसिनमाइड हे नाव असते. हे 'ब' जीवनसत्त्वाच्या गटातले, बी३. त्वचेतल्या रंगपेशी मेलॅनिन तयार करून त्याचे कण आजूबाजूच्या पेशींकडे सोपवतात. निआसिनमाइड ही सोपवणूक मंदावते. २ ते ५ टक्के प्रमाणात, काही आठवडे नियमित लावल्यावर डाग थोडे फिके होतात, त्वचेचा ओलावा सुधारतो. लावणे थांबवले की परिणाम ओसरतो. जन्मतः मिळालेला रंग ते बदलत नाही आणि बदलायची गरजही नाही. क जीवनसत्त्व, म्हणजे अस्कॉर्बिक आम्ल, याचेही काम असेच मर्यादित आहे. शिवाय ते उजेडाने आणि हवेने लवकर बिघडते. पिवळट-तपकिरी पडलेले सीरम फेकून द्यावे. प्रामाणिक घटकाचा परिणाम सावकाश आणि थोडा असतो, हे एकदा कळले की आठवड्यात चेहरा पांढराफटक करणाऱ्या क्रीमबद्दल मनात शंका यायला हवी. त्या शंकेकडे मी पुढे येते.

मुरुमांसाठीच्या क्रीम आणि फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक आम्ल असते. ते तेलात विरघळते, म्हणून तेलाने तुंबलेल्या रंध्रांत शिरून तिथला मळ सैल करते. प्रसाधनांत त्याचे प्रमाण साधारण २ टक्क्यांपर्यंत असते. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्ल वरच्या मृत पेशी सुटायला मदत करतात, पण त्यांच्यामुळे ऊन जास्त बाधते. दुपारी शेतात राबणाऱ्या किंवा दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाने ती लावून उन्हात जाणे म्हणजे डाग वाढवून घेणे. तिसरे नाव रेटिनॉल, अ जीवनसत्त्वाचा प्रकार. त्वचेत त्याचे रेटिनोइक आम्लात रूपांतर होते. सुरकुत्या आणि मुरुम दोन्हींवर ते उपयोगी आहे. पण गरोदर बाईने रेटिनॉल आणि त्याचे भाऊबंद टाळावेत, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. महोदय, ही बाई सल्ला पाळणार कसा? तिच्या हातातल्या २० ग्रॅमच्या ट्यूबवर रेटिनॉल आहे की नाही हे लिहिण्याची सक्तीच नाही.

वांग येणाऱ्या बायकांचेही असेच. गालांवर, कपाळावर उमटणाऱ्या या तपकिरी डागांवर पहिला उपाय म्हणजे उन्हापासून बचाव. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण शोषतात आणि काही परतवतात. रंगीत सनस्क्रीनमधले आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापासूनही संरक्षण देते आणि वांग त्या प्रकाशानेही वाढतो. एसपीएफ १५ चे सनस्क्रीन त्वचा भाजणारे सुमारे ९३ टक्के किरण अडवते, ३० चे सुमारे ९७ टक्के आणि ५० चे सुमारे ९८ टक्के. आकडा वाढला तरी फायदा त्या प्रमाणात वाढत नाही. त्याहून महत्त्वाचे आहे ते पुरेसे लावणे : प्रयोगशाळेत हे आकडे त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात आणि बहुतेक जण त्याच्या निम्मेही लावत नाहीत. डोक्यावरचा पदर, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांचे मोल म्हणूनच कमी नाही.

आता भीतीचे दोन शब्द. एक 'पॅराबेन'. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांनी त्याला कर्करोगाशी जोडून टाकले आहे. २००४ सालच्या एका अभ्यासात स्तनाच्या गाठींमध्ये पॅराबेन आढळले होते. पण आढळणे म्हणजे कारण ठरणे नव्हे, आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेले नाही. क्रीममध्ये पाणी आहे म्हटल्यावर तिच्यात जिवाणू आणि बुरशी वाढणारच. बोट घालून रोज वापरल्या जाणाऱ्या डबीला परिरक्षक लागतोच. त्याची मर्यादाही ठरलेली आहे : एका पॅराबेनची ०.४ टक्के, सगळ्यांची मिळून ०.८ टक्के.

दुसरा शब्द 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम'. याची भीती कोणाला फारशी वाटत नाही, पण त्वचेच्या अ‍ॅलर्जीचे हे एक मोठे कारण आहे. या एका शब्दाआड डझनावारी रसायने असू शकतात. युरोपीय संघाने अ‍ॅलर्जी आणणाऱ्या २६ सुगंधी द्रव्यांची नावे वेगळी लिहायला लावली आणि २०२३ साली ही यादी ८० च्या पुढे नेली. तिथेच मिथाइलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाने अ‍ॅलर्जीची जणू साथ आणली, तेव्हा त्वचेवर तसेच राहू देण्याच्या क्रीममधून त्यावर बंदी आली. आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून अ‍ॅलर्जीची चाचणी करतात आणि रुग्णाच्या हातात 'हे पदार्थ टाळा' असा कागद देतात. रुग्ण तो कागद घेऊन दुकानात जातो. ट्यूबवर यादीच नसेल तर त्या चाचणीचे पैसे आणि डॉक्टरांचे श्रम दोन्ही वाया जातात.

घरगुती आणि नैसर्गिक म्हटले की सुरक्षित, हा समजही घटक कळल्यानेच दूर होतो. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेले तर त्यातल्या फ्युरोकुमारिन द्रव्यांमुळे त्वचा भाजते आणि काळे पट्टे महिनोन्महिने राहतात. खोबरेल कोरड्या हातापायांना उत्तम, पण मुरुम येणाऱ्या चेहऱ्यावर ते रंध्रे तुंबवू शकते. रोजच्या वापरातल्या साध्या वस्तूंचेही तसेच; टिकलीचे उदाहरण तर घरोघरचे आहे. काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यात पॅरा-टर्शरी-ब्यूटाइलफिनॉल हे रसायन असते. ते रंगपेशींना मारक ठरते आणि कपाळावर नेमका टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग उठतो. बाई घाबरून कोडाच्या उपचारांना लागते, घरात लग्नाची मुलगी असेल तर कुजबुज सुरू होते. टिकलीच्या पाकिटावर चिकटद्रव्य कशाचे हे सहसा लिहिलेले नसते.

आतापर्यंत बोलले ते कायदेशीर, बहुतांशी उपयोगी घटकांबद्दल. आता ज्यांच्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले त्या दोन घटकांबद्दल.

पहिला स्टेरॉइड. बीटामेथॅसोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही औषधे आहेत आणि योग्य रोगात, योग्य मुदतीपुरती ती फार गुणकारी आहेत. ती त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, दाह दाबतात. म्हणून पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळ आणि नितळ दिसतो. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी काळे डाग घालवण्यासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथॅसोन यांचे मिश्रण सुचवले. डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरायच्या त्या कल्पनेच्या आवृत्त्या आपल्याकडे गोरेपणाची क्रीम म्हणून हातोहात विकल्या गेल्या. महिनोन्महिने लावल्यावर त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुम उसळतात, गालांवर लव वाढते. क्रीम थांबवली की चेहरा आगीसारखा जळतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. नायट्यावर हे मलम लावले तर खाज थांबते आणि बुरशी मात्र बिनबोभाट पसरते. २०१८ साली आपल्याच मंत्रालयाने १४ स्टेरॉइडची मलमे अनुसूची 'एच' मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री बंद केली. ते योग्य पाऊल होते. अंमलबजावणी ढिली आहे, हे गावोगावच्या दुकानांत दिसते. पण निदान त्या ट्यूबवर स्टेरॉइडचे नाव आणि प्रमाण छापलेले असते. मी मुलांना सांगते, घरातली ट्यूब उलटी करा आणि ही नावे शोधा. अनेकांना ती सापडतात.

दुसरा घटक पारा. मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला पारा अडवतो, म्हणून त्वचा झपाट्याने फिकी पडते. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो, मूत्रपिंडात साठतो, मज्जासंस्थेला इजा करतो. टॉवेल, उशी, आईचा गाल यांवरून तो लेकरांपर्यंतही पोहोचतो. आपल्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडली तर पारा अनवधानाने आला तरी दहा लाखांत एक भाग यापेक्षा जास्त असता कामा नये. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ सालच्या जिनिव्हा परिषदेत तर प्रसाधनांतला पारा पूर्ण संपवण्यासाठी २०२५ ची मुदत ठरली आणि भारत त्या कराराचा सदस्य आहे.

आणि तरीही २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली होती. त्या तिघी एका स्थानिक सौंदर्यतज्ज्ञाकडून घेतलेली गोरेपणाची क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या पुढाकाराने क्रीम तपासली तेव्हा तिच्यात मर्यादेच्या कित्येक पट पारा निघाला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत 'नेल-१' प्रकारचा दुर्मीळ आजार होता आणि त्या १५ पैकी १३ जणांनी आपण गोरेपणाची क्रीम लावत असल्याचे सांगितले. हा अभ्यास 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. गोरे दिसावे म्हणून मूत्रपिंड गमावण्याची वेळ या देशातल्या कोणत्याही मुलीवर येऊ नये, यावर आपले एकमत असेल.

इथे कोणी म्हणेल, पारा घालणारा चोर यादीत पारा थोडाच लिहिणार आहे? बरोबर, तो लिहिणार नाही. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. आज २५ ग्रॅमच्या ट्यूबवर यादी नसेल तर तेवढ्यावरून ती संशयास्पद ठरत नाही, कारण यादी नसणे कायदेशीर आहे. ग्राहक, दुकानदार, औषध निरीक्षक, तिघांच्याही नजरेला कोरी ट्यूब रोजचीच. पारा सापडायचा तर प्रयोगशाळेची वाट पाहायची, आणि तोवर क्रीम गालावर. शिवाय देशात बनलेली प्रसाधने विकायला दुकानदाराला परवाना लागत नाही, त्यामुळे ती कोणत्याही टपरीवर आणि कोणत्याही पार्लरमध्ये विकली जातात. प्रत्येक वेष्टनावर यादी सक्तीची झाली तर कोरी ट्यूब दिसताक्षणीच बेकायदा ठरेल. निरीक्षकाला जप्तीसाठी प्रयोगशाळेच्या अहवालाची गरज उरणार नाही. दुकानदाराला माल घेताना विचारावेच लागेल. आणि शाळकरी मुलगीही म्हणू शकेल, यावर काही लिहिलेले नाही, मला नको. चोराने खोटी यादी छापली, तर तो लेखी खोटेपणा होईल आणि त्याच्याविरुद्ध पुरावा त्यानेच तयार केलेला असेल. आजच्या परंतुकाने नकळत चोराला प्रामाणिक उत्पादकांच्या गर्दीत लपायला जागा दिली आहे.

जागा पुरत नाही, हा उत्पादकांचा आक्षेप असेल. ५ ग्रॅमच्या डोळ्यांच्या मलमावर औषधी घटक, त्यांचे प्रमाण, बॅच क्रमांक, मुदत आणि इशारे असे सगळे मावते. तीच कंपनी, तोच छापखाना चेहऱ्याच्या क्रीमसाठी का अडतो? युरोपीय संघाच्या २००९ सालच्या नियमात यावर साधी सोय आहे : वेष्टनावर जागा नसेल तर आत चिठ्ठी घाला, पट्टी किंवा टॅग लावा, साबण किंवा अगदी लहान वस्तू असेल तर विकण्याच्या जागेजवळ फलक लावा. आपल्याकडे माळेतल्या पुड्यांसाठी माळेच्या वरच्या पुठ्ठ्यावर यादी छापता येईल. व्यापारी गुपित उघड होईल, हा दुसरा आक्षेप. यादीत फक्त नावे असतात, बनवण्याची कृती नसते. आणि तेच उत्पादन १०० ग्रॅमच्या डबीत विकताना हे गुपित आजही उघड होतेच.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. लहान वेष्टनांना दिलेली सवलत रद्द करावी. यादी वेष्टनावर, ते शक्य नसेल तर सोबतच्या चिठ्ठीवर किंवा पुठ्ठ्यावर, पण प्रत्येक ग्राहकापर्यंत पोहोचलीच पाहिजे.

२. ज्या घटकाचे नाव किंवा चित्र वेष्टनाच्या दर्शनी बाजूला मिरवले आहे, त्याचे प्रमाण टक्क्यांत छापावे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ठळकपणे मिरवलेल्या घटकाचे प्रमाण द्यावे लागते. तोंडावर लावायच्या पदार्थाला वेगळा न्याय का?

३. रेटिनॉलसारख्या घटकांसाठी गरोदरपणाचा आणि ग्लायकोलिक, लॅक्टिक अशा आम्लांसाठी उन्हाचा इशारा भारतीय भाषांत द्यावा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषधी ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तशाच कोडमधून प्रसाधनाच्या प्रत्येक घटकाचे काम मराठीत, कन्नडमध्ये, संथाळीत ऐकता आणि वाचता येईल. मात्र हा कोड छापील यादीला जोड म्हणून असावा, तिच्या जागी नको. ज्या बाईकडे स्मार्टफोन नाही तिलाही डबी हवी तशी उलटून पाहता आली पाहिजे.

४. गोरेपणाच्या क्रीमचे नमुने बाजारातून आणि पार्लरमधून नियमित उचलून त्यांतला पारा आणि स्टेरॉइड तपासावे, आणि निकाल उत्पादनाच्या नावासह जाहीर करावेत. यासाठी राज्यांच्या अन्न व औषध प्रशासनांना मनुष्यबळ आणि प्रयोगशाळा हव्यात. तो खर्च डायलिसिसच्या खर्चापुढे फार थोडा आहे.

पहिल्या मागणीसाठी कायदा बदलावा लागत नाही, तिजोरीतून पैसा काढावा लागत नाही. मंत्रालयाने तज्ज्ञ मंडळाचा सल्ला घेऊन, मसुदा प्रसिद्ध करून, हरकती मागवून एक अधिसूचना काढली की काम झाले. उत्पादकांना जुना माल संपवण्यासाठी वाजवी मुदत द्यावी, त्याला माझी हरकत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. अधिसूचना निघेपर्यंत थांबू नका. ज्या ट्यूबवर घटकांची यादी, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक नाही ती विकत घेऊ नका, भेट म्हणून आली तरी लावू नका. 'मर्क्युरस क्लोराइड', 'कॅलोमेल', 'अमोनिएटेड मर्क्युरी' हे शब्द दिसले तर ट्यूब लगेच बाजूला ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. डॉक्टरांनी दिलेले नसेल असे 'सोन'ने संपणाऱ्या नावाचे किंवा क्लोबेटासोलचे मलम चेहऱ्यावर चोळू नका, आणि आधीच चोळत असाल तर ते मनानेच एकाएकी न सोडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नवी क्रीम आणली की काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहा; पुरळ उठले नाही तरच चेहऱ्यावर न्या.

महोदय, आमचे विद्यार्थी उद्या गावोगावच्या औषधांच्या दुकानांत उभे राहतील. काउंटरवर आलेल्या बाईला तिच्या क्रीममध्ये काय आहे हे समजावून सांगण्याइतके शिक्षण आम्ही त्यांना देत आहोत. ते सांगता येण्यासाठी वेष्टनावर अक्षरे असणे ही आपल्या मंत्रालयाची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडण्याची विनंती मी या पत्राने करत आहे. परंतुक रद्द करण्याचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा त्यावर पहिली लेखी सहमती आमच्या वर्गाकडून येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
औषधनिर्माणशास्त्राची एक शिक्षिका, महाराष्ट्र